ड्रमशेडमागचं थोटूक

नाडकर्णीसाहेबांनी माझ्या टेबलावर झिपवाली प्लॅस्टिकची पिशवी ठेवली. पिशवीत सिगरेटचं एक थोटूक होतं.

"महाडिक, अनालिसिस करा."

"काय बघू, सर?"

"कोणी ओढली ते."

महाडच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये मी आयुष्याची बरी वर्षं घालवली आहेत. मला क्यूसी इनचार्ज म्हणतात. म्हणजे माल पास झाला तर प्रॉडक्शनने चांगला बनवला, आणि फेल झाला तर महाडिकने चुकीचा तपासला. माझ्याकडे गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं यंत्र आहे. मिश्रणात कुठलं रसायन किती आहे, ते हे यंत्र वेगवेगळं करून दाखवतं. पण सॅम्पलवर ओठ कोणाचे टेकले होते, हे सांगायची सोय कंपनीने त्यात दिलेली नाही. तसं मी साहेबांना नम्रपणे सांगितलं.

"मग लॅब कशाला आहे?" साहेब म्हणाले.

प्रश्न रास्त होता. घरी बायकोही माझ्याबद्दल साधारण असाच प्रश्न विचारते. मी थोटूक लॅबच्या फ्रिजमध्ये ठेवलं. फ्रिजमध्ये वस्तू ठेवली की काहीतरी केल्यासारखं वाटतं.

प्रकरण असं होतं. हेड ऑफिसचा सेफ्टी ऑडिटर मुंबईहून आला होता. एरवी ऑडिटरला पाहुणचार करून, रायगड दाखवून परत पाठवायचा, अशी आमची पद्धत. रस्त्यात नाते गावात माझं घर लागतं, तिथे आईच्या हातचं कोळंबीचं कालवण. एवढं झालं की रिपोर्ट मवाळ येतो. पण हा ऑडिटर शाकाहारी निघाला, आणि गड चढायच्या ऐवजी ड्रमशेडच्या मागे गेला. तिथे त्याला हे थोटूक सापडलं.

ड्रमशेडमध्ये टोल्यूनचे ड्रम असतात. टोल्यून म्हणजे थिनरला जो वास येतो ना, तो. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटते. दूर कुठेतरी ठिणगी दिसली की आनंदाने परत येते, सोबत आग घेऊन. म्हणून आमच्याकडे गेटच्या आत सिगरेट ओढणाऱ्याला दुसरी संधी नसते. गेटवर सगळ्यांची झडती होते. काडेपेटी, लायटर, मोबाइल, सगळं जमा. सगळ्यांची म्हणजे चालत येणाऱ्यांची. गाडीतून येणाऱ्यांना वॉचमन सलाम करतो. सलाम करताना हात कपाळाला असतो, मग झडती कुठल्या हाताने घेणार?

हेड ऑफिसचा मेल आला: माणूस शोधा, काढा, कळवा. साहेबांनी तो मेल मला वाचून दाखवला. वाचताना त्यांना खूप राग आला होता. नाडकर्णीसाहेब तसे मेहनती. दुपारी जेवण झालं की आम्ही सगळे खुर्चीत पेंगतो, तेव्हा ते एकटे प्लॅन्टच्या राउंडला जातात. उन्हातान्हात, रोज. आम्हाला आमचीच लाज वाटायची.

"मी स्वतः ओढतो," ते म्हणाले. "लपवत नाही. पण घरी. आणि तीही लाइट. प्लॅन्टमध्ये? इम्पॉसिबल! इतकं साधं या लोकांना कळू नये?"

"या लोकांना" म्हणताना त्यांनी खिडकीबाहेर हात केला. बाहेर शिफ्ट सुटत होती.

दोन दिवसांनी कुरियरने एक खोका आला. त्यात लाळेच्या टेस्टच्या पट्ट्या होत्या. हेड ऑफिसने कुठल्याशा विमा कंपनीचं बघून मागवल्या होत्या. आता मला थोडं मास्तर व्हावं लागणार, पण थोडंच.

तंबाखू शरीरात गेली की तिच्यातलं निकोटिन रक्तात जातं. यकृत त्याचं रूपांतर कोटिनिन नावाच्या पदार्थात करतं. निकोटिन काही तासांत निघून जातं, कोटिनिन मात्र दोन-चार दिवस लाळेत आणि लघवीत रेंगाळतं. लग्न उरकल्यावरही मुक्काम हलवत नाहीत त्या पाहुण्यांसारखं. पट्टीवर लाळ टाकायची. कोटिनिन असेल तर पट्टी ते दाखवते. झुरका कधी घेतला, कुठे घेतला, हे तिला माहीत नसतं. घेतला की चघळला, हेही तिला माहीत नसतं. एवढं सगळं मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असणं आणि वेळेवर आठवणं यात लॅबपासून कँटीनपर्यंतचं अंतर असतं.

टेस्टच्या आधी एक साधा प्रश्न विचारायचा होता: तंबाखू ओढता किंवा खाता का? हो की नाही. ऑफिसर ग्रेडला टेस्ट नव्हती. त्यांचं मेडिकल वेगळं, मुंबईला, एसीमध्ये होतं.

मी रांग लावली. कापडे, पोलादपूर, तुडील, बिरवाडी अशा सगळ्या गावांची लाळ एका सकाळी माझ्या टेबलावर आली. शिक्षण घेताना मी वेगळं भविष्य पाहिलं होतं.

ऑपरेटर, फिटर, हेल्पर, जवळजवळ सगळे पुरुष पॉझिटिव्ह. यात नवल काय? प्रत्येकाच्या खिशात चुन्याची डबी. त्यांनी स्वतःच सांगितलं होतं, "खातो की सायेब, मलून देऊ काय?" पुडीवाल्यांना गेटवर कोणी अडवत नाही, कारण पुडी पेट घेत नाही.

साहेबांनी निकाल पाहिला. मग त्यांचं डोकं चाललं. ते चाललं की आम्हा सगळ्यांची धावपळ होते.

"जे हो म्हणाले, ते खरं बोलले," ते म्हणाले. "खरं बोलणारा माणूस चोरून का ओढेल? आता मला सांगा, नाही म्हणाला आणि तरी पॉझिटिव्ह आला, असा कोण आहे?"

असं एकच नाव होतं. शेवंताबाई.

शेवंताबाई कापड्याच्या. कॉन्ट्रॅक्टरकडून येत, रांगेतल्या एकट्याच बाई. रिकामे ड्रम धुवायचे, जुनी लेबलं खरवडायची, नवी लावायची, हे त्यांचं काम. जागा: ड्रमशेड. पन्नाशीच्या, काटक, नऊवारीवर कंपनीचा निळा कोट. नवरा गेलेला, भाताचं थोडं शेत, आणि लग्नाची मुलगी. मुलीची सोयरीक तुडीलला जुळत आली होती. हे मला ठाऊक होतं, कारण माझी आत्या कापड्याला दिलेली. त्या नात्याने शेवंताबाई मला भाऊ म्हणत आणि माझा भाव त्यांच्या मनात माझ्या लायकीपेक्षा बराच जास्त होता.

"पण सर, शेवंताबाई? सिगरेट?" मी म्हणालो.

"महाडिक, तुमची पट्टी म्हणतेय. मी नाही."

माझी पट्टी. टेस्ट मी केली होती, सही माझी होती. साहेबांनी त्याची फार प्रेमाने आठवण करून दिली.

शेवंताबाईंना बोलावलं. त्या ओले हात कोटाला पुसत आल्या. साहेबांनी विचारलं, "बाई, ड्रमशेडमागे सिगरेट ओढता?"

शेवंताबाई आधी हसल्या. साहेब गंमत करत आहेत असं त्यांना वाटलं. मग कोणीच हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

"सायेब, काय बोलता? माज्या सात पिढ्यांत बायकांनी कुनी बिडी वढली नाय. भाऊ, सांगा की यांना."

भाऊ पट्टीकडे बघत होते.

"टेस्ट खोटं बोलत नाही," साहेब म्हणाले. "उद्यापासून येऊ नका. कॉन्ट्रॅक्टरला मी सांगतो."

"कामाचं जाऊंदे सायेब," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "पन काढली कशापायी, ते गावात कलनार ना? बाई शिगरेट वढते. तुडीलवाल्यांच्या कानावर गेलं तर पोरीचं काय व्हईल? माज्याआधी ती गोष्ट यष्टीत बसून जाईल."

त्या गेल्या. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तसं माझ्याकडे फक्त बायको बघते, मी बाजारातून मेथीऐवजी शेपू आणली की. पण बायकोच्या नजरेत निदान सवय असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नात्याला घराच्या पायरीवर चहा घेत बसलो होतो. पलीकडे आई बसलेली. मी तिला सगळं सांगत होतो. आई माझं बोलणं ऐकते, कारण घरात दुसरं कोणी ऐकत नाही.

"म्हणजे बघ, बाई नाही म्हणते. पट्टी हो म्हणते. ओढत नाही, खात नाही, तर निकोटिन आलं कुठून? हवेतून?"

"हं," आई म्हणाली. तिच्या तोंडात बोट होतं.

"शास्त्रीय कोडं आहे हे."

"हं."

"उगाच हं करू नकोस. तुला काय कळणार त्यातलं? तू आपली..."

तू आपली मशेरी लाव, असं म्हणणार होतो. म्हणता म्हणता थांबलो.

ज्यांना मशेरी माहीत नाही त्यांच्यासाठी: तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, आणि ती काळी पूड सकाळी, दुपारी, आणि जमेल तेव्हा दातांना घासायची. आमच्याकडच्या बायकांसाठी ही तंबाखू नाही. हे दातांचं औषध. तंबाखू खातात ते पुरुष. बिडी ओढतात तेही पुरुष. मशेरी लावतात. ओढता का, खाता का, असं विचारलं तर आमच्याकडची कुठलीही बाई खरं खरं "नाय" म्हणेल. माझी आई म्हणेल. मी त्या तव्याच्या वासात लहानाचा मोठा झालो, त्यावर केमिस्ट्रीची डिग्री घेतली, आणि कोडं सोडवायला मुंबईहून ऑडिटर बोलावायच्या बेतात होतो.

बॅगेत दोन पट्ट्या उरल्या होत्या.

"आई, यावर थुंक."

"कशाला रे?"

"थुंक तर."

आईने चूळ भरली, थोडा वेळ थांबायला लावलं तर कुरकुरली, आणि थुंकली. पट्टी शेवंताबाईंसारखीच निघाली. पक्की पॉझिटिव्ह.

"काय निघालं?" बायकोने आतून विचारलं.

"आई सिगरेट ओढते."

"मग तुम्ही कुठे असता तेव्हा?" बायको म्हणाली. आई हसून हसून खोकली. मी मात्र बस पकडायला धावलो.

"मशेरी?" नाडकर्णीसाहेबांनी विचारलं. ते मुंबईत वाढलेले. मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"चांगली थिअरी आहे. पण मशेरी लावणारी बाई सिगरेटही ओढू शकते. प्रूव्ह करा, नाही ओढली ते."

पुन्हा सांगतो, प्रश्न रास्त होता. साहेबांचे सगळे प्रश्न रास्त असायचे. मीही छाती पुढे काढली.

"करतो, सर. धुरात असं एक आहे जे मशेरीत नाही."

सिगरेटच्या धुरात हजारो रसायनं असतात. बेंझिन, टोल्यून, फॉर्मल्डिहाइड, हायड्रोजन सायनाइड, अमोनिया. यातली बरीचशी आमच्या स्टोअरमध्ये ठेवायची म्हटली तर लायसन लागतं, ड्रमवर कवटी काढावी लागते, आणि हाताळताना मास्क लावावा लागतो. सिगरेटमध्ये ती मास्कशिवाय, थेट आत घेतात आणि वर चहा पितात. त्यातच कार्बन मोनॉक्साइड असतो. काहीही अर्धवट जळलं की तो तयार होतो. तो रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावून बसतो आणि मग हळूहळू, काही तासांत, श्वासातून बाहेर पडतो. एक छोटं मीटर असतं. श्वास रोखून धरायचा, मग नळीतून फुंकायचं. जितका मोनॉक्साइड, तितका आकडा. न ओढणाऱ्याचा दोन-चार. दहाच्या वर गेला तर माणूस ओढतो असं समजायचं. मशेरी दातावर जळत नाही, तेव्हा शेवंताबाईंचा आकडा खाली येणारच. मी हे साहेबांना फळ्यावर लिहून दाखवलं. खाली रेघही मारली.

मीटर डॉक्टर परकारांकडे होतं. ते महाडचे, आमच्याकडे दर शुक्रवारी येतात. तरुण आहेत, सज्जन आहेत, आणि मनात येईल ते विचारतात. आमच्या कंपनीत असा दुसरा माणूस नाही.

मी शेवंताबाईंना निरोप पाठवला: या, आकडा खालीच येणार. शुक्रवारी सकाळी पहिल्या गाडीने त्या आल्या. ओएचसीत, म्हणजे कंपनीच्या दवाखान्याच्या खोलीत, साहेब, डॉक्टर आणि मी.

"फुंका, मावशी," डॉक्टर म्हणाले. "मेणबत्ती विझवल्यागत नको, हळू, शेवटपर्यंत."

त्यांनी फुंकलं. आकडा चढत गेला. नऊ. अकरा. चौदाला थांबला.

साहेबांनी फळ्यावरच्या माझ्या रेघेची आठवण काढली.

"दहाच्या वर, महाडिक. तुम्हीच म्हणालात." मग त्यांना उत्साह आला. "द्या इकडे. मी तर कबूल केलेला स्मोकर आहे. बघू माझा किती येतो."

डॉक्टरांनी नळी बदलली. साहेबांनी फुंकलं. आठ.

"बघा! सकाळी चहाबरोबर एक घेतली, तरी आठ. लाइट ओढली की असं असतं. पाकिटावरच लिहिलंय, टार कमी, निकोटिन कमी. बाई माझ्यापेक्षा डबल ओढते!"

शेवंताबाईंना चौदा म्हणजे काय हे कळलं नव्हतं. पण साहेबांना आनंद झालाय आणि भाऊंचं तोंड उतरलंय, एवढं त्यांना कळलं.

"भाऊ, मी काय चुकीचं फुकलं काय?"

तेव्हा मी पहिल्यांदा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, त्यांना एक साधा प्रश्न विचारला. "वहिनी, आज सकाळी काय काय केलंत?"

"काय करनार? उठली. चूल पेटवली. पानी तापवलं, भाकऱ्या थापल्या. मशेरी संपली व्हती, ती भाजली. थंडी हाय ना, दार लावलं व्हतं. घरभर धूर झाला, पोरगी वराडली, आये मारतेस काय आम्हाला? मंग गाडी धरली."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरांकडे. मशेरी दातावर जळत नाही, हे बरोबर होतं. ती तव्यावर जळते, हे मी फळ्यावर लिहायचं विसरलो होतो. बंद घरात चुलीवर लाकडं आणि तव्यावर तंबाखू. अशा घरातून आलेला माणूस चौदा फुंकेल नाहीतर काय.

"तिने सांगितलं म्हणून मी मानायचं?" साहेब म्हणाले. "तिने तर मशेरीही सांगितली नव्हती."

"मानू नका, सर," डॉक्टर म्हणाले. "सोपं आहे. चुलीचा असेल तर दिवसभरात उतरेल. मावशींना आज इथेच बसू दे, सगळ्यांसमोर. संध्याकाळी परत फुंकतील. ओढत असतील तर त्याशिवाय दिवस निघणार नाही त्यांचा."

"बसू दे," साहेब म्हणाले. चौदाचं ओझं माझ्या खांद्यावर टाकून ते निघाले.

शेवंताबाई दिवसभर लॅबमध्ये बसल्या. बसल्या म्हणजे, रिकाम्या बसवेनात, म्हणून त्यांनी माझं सगळं काचसामान घासून काढलं. जी बीकर धुवायचा आळस मी बरेच महिने केला होता, तिचा आतला रंग मला त्या दिवशी कळला. जेवण आम्ही कँटीनमध्ये केलं. साहेबही होते. मग नेहमीप्रमाणे ते राउंडला गेले आणि आम्ही पेंगलो. शेवंताबाई पेंगल्या नाहीत.

"भाऊ," त्या मधेच म्हणाल्या. "आकडा उतरला नाय तर?"

"उतरेल."

"निरोपात बी असंच बोलला व्हता तुमी."

मी एक स्वच्छ बीकर उचलून परत धुतली.

संध्याकाळी पुन्हा ओएचसी. डॉक्टरांनी नळी लावली. शेवंताबाईंनी डोळे मिटले, देवाला हात जोडावेत तसं मीटर दोन्ही हातांनी धरलं, आणि फुंकलं.

चार.

माझा श्वास मी नकळत रोखून धरला होता. तोही सोडला. शेवंताबाई डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"सुटलात, मावशी. चुलीचा होता."

"ठीक आहे," साहेब म्हणाले आणि उठले. "गुड. म्हणजे कन्फ्यूजन होतं. मी निघतो, मुंबईचा कॉल आहे."

"सर, एक मिनिट," डॉक्टर म्हणाले. सांगितलं ना, त्यांच्या मनात येईल ते ते बोलतात. "सकाळी तुमचंही घेतलंय. शेजारी स्मोकरचा आकडा असला की रिपोर्ट पक्का होतो. सकाळचा आठ, दिवसभर ओढली नाही, म्हणजे आता दोन-तीन यायला हवा. हेड ऑफिसला लगेच पटेल."

साहेब उभे राहिले. दाराशी दोन ऑपरेटर डोकावत होते. नाही म्हणायला कारण हवं, आणि कारण सुचायला वेळ हवा. डॉक्टरांनी नवी नळी लावून मीटर पुढे केलं होतं.

"शुअर," साहेब म्हणाले. "लाइटला तसं काही दाखवायलाच नसतं."

त्यांनी फुंकलं. थोडंसंच.

"शेवटपर्यंत, सर."

त्यांनी शेवटपर्यंत फुंकलं. आकडा चार ओलांडून गेला. आठ ओलांडून गेला. बाविसावर जाऊन बसला.

डॉक्टर मीटर हलवून बघत होते, बिचारे खरोखर गोंधळले होते.

"वाढला कसा? सर, मधे कधी बाहेर गेला होतात का?"

साहेब बाहेर गेले नव्हते. त्यांची गाडी सकाळपासून माझ्या खिडकीखाली उभी होती. जेवण आमच्याबरोबर झालं होतं. मग राउंड. उन्हातान्हात, एकट्याने, रोजचा.

"मीटरचं कॅलिब्रेशन बघा, महाडिक," साहेब म्हणाले.

"हो सर," मी म्हणालो. मी मध्यमवर्गीय आहे. घराचा हप्ता आहे. पण पाय आपोआप लॅबकडे वळले, आणि फ्रिजमधली पिशवी घेऊन मी परत आलो. इतके दिवस ती तिथे गार होत होती. साहेबांनी अनालिसिस करा म्हणून दिलेली, आणि मी तिच्याकडे भिंग घेऊन एकदाही पाहिलं नव्हतं. मी ती डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

"लाइटबद्दल विषय निघालाय म्हणून," मी म्हणालो. "सर, याच्या फिल्टरला बघा, बारीक भोकांची रांग आहे. टाचणीने टोचल्यासारखी. लाइट सिगरेटची हीच युक्ती. झुरका मारला की भोकांतून हवा आत येते, धूर पातळ होतो. कारखान्यात यंत्राला ही सिगरेट ओढायला देतात. यंत्र भोकं मोकळी ठेवतं आणि ठरलेला बेताचा झुरका घेतं. पाकिटावर जो आकडा असतो तो त्या यंत्राने ओढलेला. माणूस बोटांनी भोकं झाकतो, ओठांत धरून झाकतो, आणि समाधान होईपर्यंत जोरात ओढतो. लाइट ओढतं ते यंत्र. माणूस नेहमीचीच ओढतो."

डॉक्टरांनी पिशवी उजेडाला धरली. "खरंच की. फिल्टरचं टोक पार कडेपर्यंत पिवळं आहे. भोकं मोकळी असती तर मधे डाग आणि बाजूला पांढरी कड राहिली असती. पूर्ण झाकून ओढलीय." मग त्यांनी निरागसपणे विचारलं, "आपल्याकडे लाइट कोण कोण ओढतं?"

दाराशी उभ्या ऑपरेटरांना एकदम काम आठवलं. ते गेले. पण दहा पावलं जाईपर्यंत त्यांना हसू आवरलं नाही.

मला वाटलं, आता शेवंताबाई बोलणार. दिवसभर, नाही, आठवडाभर जे गिळलं ते बाहेर पडणार. मी मनातल्या मनात खुर्ची मागे घेतली.

त्या उठल्या. कोट झटकला.

"सायेब," त्या म्हणाल्या, "सोमवारी सकाली गेटवर सगली मानसं असतात. तितं माजा आकडा सांगा. चार. मोट्यांदा सांगा, तुडीलची मानसं सोडतो त्या गाडीवाल्याला आयकू जायला पायजे." त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "तुमचा सांगू नका. तुमच्या बी घरात पोरीबाळी असतील."

साहेबांचा चेहरा मी तोपर्यंत रागाने लाल झालेला पाहिला होता. हा लाल वेगळा होता.

सोमवारी शिफ्ट सुरू होताना गेटवर सेफ्टीच्या सूचना देतात. त्यात नाडकर्णीसाहेब स्वतः उभे राहिले आणि शेवंताबाई धूम्रपान करत नाहीत, त्यांच्यावरचा संशय चुकीचा होता, त्यांचा आकडा चार आला, असं मोठ्याने म्हणाले. कोणीतरी मागून "आणि बाकीच्यांचा?" असं विचारलं. साहेबांना ते ऐकू आलं नाही. तुडीलचा गाडीवाला मात्र पुढच्याच रांगेत होता. सोयरीक झाली. साखरपुड्याला मला आमंत्रण होतं. आईही आली, बायकांच्या घोळक्यात बसली आणि सगळ्या मिळून मशेरी लावत होत्या.

हो, ते राहिलंच. मशेरीही तंबाखूच आहे, तिनेही तोंडाचा कॅन्सर होतो, हे मी शेवंताबाईंना शेवटी नीट सांगितलं. त्यांनी ऐकलं. मग म्हणाल्या, "तुमच्या आयशीनं सोडली काय?"

"अजून नाही."

"मंग आधी घरचं बगा, भाऊ."

मी घरचं बघतो आहे. आई म्हणते, मी गेल्यावर सोडीन.

हेड ऑफिसला काय कळवलं ते मला ठाऊक नाही. पण थोड्याच दिवसांत प्लॅन्टमध्ये तंबाखूविरोधी मोहीम यशस्वी केल्याबद्दल नाडकर्णीसाहेबांचं कौतुक करणारं पत्र आलं. सोबत कंपनीच्या मासिकात फोटो. फोटोत साहेब मीटरमध्ये फुंकताहेत. आकडा दिसत नाही, त्यावर फोटोग्राफरचं बोट आहे. वॉचमनला आता गाड्यांचीही झडती घ्यायचा अधिकार मिळाला. पहिल्या दिवशी त्याने साहेबांची गाडी थांबवली, आधी सलाम केला आणि मग हात पुढे केला. साहेबांनी मुकाट्याने लायटर काढून त्यात ठेवला.

ड्रमशेडमागे परत थोटूक सापडलं नाही. साहेबांचा दुपारचा राउंडही बंद झाला. आता जेवणानंतर तेही आमच्यासारखेच खुर्चीत पेंगतात.

लॅबमध्ये माझ्या टेबलासमोर मी एक कागद चिकटवला आहे. त्यावर लिहिलंय: टेस्ट लावायच्या आधी माणसाला सकाळपासून काय केलं ते विचार. आणि टेस्ट साहेबांपासून सुरू कर. दुसरी ओळ आमच्या कंपनीच्या पद्धतीत बसत नाही, म्हणून तिच्यावर मी कॅलेंडर टांगलं आहे.